जुना डावीकडे, नवा उजवीकडे

"सूनबाई, उंदीर परत भिंतीत गेला!"

हे वाक्य मी त्या दीड महिन्यात इतक्यांदा ऐकलं की झोपेतही दचकायला लागले होते. बाबा, म्हणजे माझे सासरे, पुढच्या खोलीत कंप्युटरपाशी बसत. मी मागच्या खोलीत प्रिंटरशी झटापट करत असे, हातमोजे रेझिनने बरबटलेले. ते ओरबाडून काढायचे, बादलीत फेकायचे आणि तणतणत पुढे यायचं. बाबा माऊस धरून शांत बसलेले असत. माऊसचा बाण उजव्या मॉनिटरवरून डावीकडे न्यायला जावं तर तो कडेला अडायचा. उलट उजवीकडे ढकलला की सगळ्यात डाव्या टोकाकडून उगवायचा. म्हणजे कंप्युटरच्या मते डावा मॉनिटर उजवीकडे होता आणि उजवा डावीकडे. टेबलावर मात्र दोघं आपापल्या जागी ढिम्म उभे होते.

मी कंप्युटर बंद करून चालू करायचे. सगळं सरळ व्हायचं. बाबा म्हणायचे, "आला बघ बिळातून." आणि चहाच्या सुट्टीनंतर ये रे माझ्या मागल्या.

आमचं काम कानांचं आहे. ऐकायला कमी येणाऱ्या माणसाचं मशीन कानामागे बसतं, पण त्यातला आवाज कानात नेणारा मऊ मोल्ड ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाने घडवावा लागतो. मोठ्यांचं एकदा जमलं की काही वर्षं बघावं लागत नाही. पोरांचे कान मात्र वाढतात. पाच-सहा महिन्यांत मोल्ड सैल होतो, फटीतून आवाज बाहेर येऊन पुन्हा मशीनमध्ये शिरतो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं. मग दवाखान्यातल्या मॅडम त्या पोराच्या कानात मऊ लगदा भरून नवा ठसा घेतात आणि डबीत घालून आमच्याकडे पाठवतात. आम्ही तो स्कॅन करतो, बाबा कंप्युटरवर त्यातून मोल्ड कातरून काढतात, मी तो थ्रीडी प्रिंटरवर पातळ चिकट रेझिनमधून छापते आणि घासून गुळगुळीत करते.

बाबा हे काम अडतीस वर्षं करताहेत. त्यातली बत्तीस नुसत्या हाताने, चाकू आणि कानशीने. कंप्युटर आणला मी, त्यावर नेहमीच्या सिस्टिमऐवजी लिनक्स घातलं मी, आणि ते मी इतक्या हौसेनं घातलं होतं की त्याला कुणी नाव ठेवलं तर मला माहेरच्यांना बोलल्यासारखं वाटे. दुसरा मॉनिटर हीदेखील माझीच आयडिया, आणि ती अगदी अलीकडची. डावीकडे पोराचा मागच्या वेळचा कान, उजवीकडे आत्ताचा. कुठे किती वाढलाय ते शेजारी शेजारी दिसलं की नव्या कानावर कातरायला सोपं. एकावरून दुसऱ्यावर नजर नेताना त्रास नको म्हणून मी दोन्ही मॉनिटर अगदी एकसारखे घेतले, एकाच दिवशी, एकाच दुकानातून. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण अक्कल तरी असावी.

सहा महिन्यांत पोराचा कान वाढून वाढून किती वाढणार? नखाच्या कडेएवढा. जुना आणि नवा हे दोन कान एखाद्या तिऱ्हाइताला दाखवले तर तो म्हणेल, एकच चित्र दोनदा का लावलंय? फाईलवर नुसता नंबर, तोही मुंगीएवढा. म्हणून बाबांनी पहिल्याच दिवशी दोन चिठ्ठ्या करून मॉनिटरच्या डोक्यावर खोचल्या होत्या. एकीवर 'जुना', एकीवर 'नवा'. बाबांचं अक्षर मोत्यासारखं.

आता रोग असा होता: थोडा वेळ कुणी हात लावला नाही की मॉनिटर झोपी जातात. जागे झाले की कधी सरळ उठायचे, कधी उलटे. नेहमी उलटे उठले असते तर मी त्यांना केव्हाच सरळ केलं असतं. पण दहातून तीनदा उलटे, सातदा सरळ, आणि मी मुद्दाम बघायला बसले की दहाही वेळा सरळ. पाहुण्यांसमोर गुणी बाळासारखं वागणारं पोर असतं ना, तसं. मी बघतेय म्हटल्यावर ते कशाला बिघडताहेत?

मी वायरी बदलल्या. अदलाबदल करून लावल्या. नव्या आणल्या. लिनक्सची नवी आवृत्ती घातली, मग जुनी घातली, मग त्याहून जुनी घातली, त्यात प्रिंटरच दिसेनासा झाला, म्हणून पुन्हा नवी घातली. सेटिंग्जमध्ये जाऊन डावा डावीकडे ओढला, उजवा उजवीकडे ओढला, 'कायम ठेवा'वर क्लिक केलं. कंप्युटर म्हणाला, ठेवलं. चहा पिऊन आले तर ठेवलेलं कुठे गेलं ते त्यालाच ठाऊक. याच्या एका कानात सांगावं ते दुसऱ्यातून बाहेर!

मग मी इंटरनेटवर एका फोरमवर लिहिलं. सविस्तर लिहिलं, सभ्य लिहिलं. पहिला शहाणा म्हणाला, "माझ्याकडे चालतंय." अरे, तुझ्याकडे चालतंय तर तू इथे काय करतोयस? दुसऱ्याने लॉग मागितला, म्हणजे कंप्युटर स्वतःशी पुटपुटत असतो त्याची नोंद. सहाशे ओळींचा लॉग मी चिकटवला. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं: सेटिंग्जमध्ये जाऊन डावा-उजवा बदलून बघा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मी त्याला जे उत्तर टाईप केलं होतं ते पाठवलं नाही, एवढीच माझी सभ्यता शिल्लक होती.

या सगळ्या काळात बाबांनी स्वतःपुरता एक इलाज काढला होता. मी कामात असले, हाक मारूनही आले नाही, की ते उठायचे, दोन्ही चिठ्ठ्या काढायचे, 'जुना'च्या जागी 'नवा' आणि 'नवा'च्या जागी 'जुना' खोचायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. माऊस उलटा तर उलटा.

"बाबा, हा काय उपाय झाला?"

"का? उंदीर भिंतीत गेला की समजायचं, घर फिरलंय. घर फिरलं की पाट्या फिरवायच्या. चाललंय ना काम?"

"चालतंय म्हणजे दुरुस्त झालं असं नाही ना! भिंतीला भोक पडलं म्हणून त्यावर कॅलेंडर टांगण्यातला प्रकार आहे हा."

"कॅलेंडर टांगलं की तारीखही कळते," बाबा म्हणाले आणि कातरायला लागले.

मला अशा वेळी तिडीक जाते. बाबांवर राग नसतो खरं तर. पण बिघडलेल्या वस्तूशी जमवून घेणारी माणसं बघितली की माझं डोकं फिरतं. नवरा म्हणतो, लग्नही असंच चालतं. त्याला मी तिथल्या तिथे उत्तर दिलंय, ते इथे नको.

सहाव्या आठवड्यात मला मूळ सापडलं. मॉनिटरच्या पोटात कारखान्याने एक नंबर लिहिलेला असतो, त्यावरून कंप्युटर त्याला ओळखतो. आमच्या दोघांच्या पोटात एकच नंबर होता. जुळ्या पोरांना एकच नाव ठेवावं तसं. आणि कंप्युटरला मॉनिटर लावायचं भोकही एकच, म्हणून दोन्ही वायरी मधल्या एका डब्यात जाऊन तिथून पुढे जात. हा डबा काय करायचा, तर जो आधी जागा होईल त्याला 'एक' म्हणायचा आणि मागून उठेल त्याला 'दोन'. डावा आधी उठला तर सगळं सरळ. उजव्याला आधी जाग आली की घर फिरलं.

हे कळलं तेव्हा मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या. मग एक आडवाट शोधली. नावं काहीही असोत, डब्याच्या कोणत्या भोकात कोणती वायर आहे हे तर बदलत नाही. ते विचारून माऊसचा रस्ता आपोआप सरळ करणारी वीस ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, मी लिहिली. मॉनिटर झोपवले, उठवले, माऊस फिरवला. पंचवीस वेळा केलं. पंचवीसही वेळा बाण नीट डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे गेला. मी बाबांना हाक मारली, खुर्चीत बसवलं, माऊस हातात दिला.

"फिरवा."

त्यांनी फिरवला. "वा! भिंत पाडलीस."

"आता कधीही उलटं होणार नाही," मी म्हटलं. आणि त्यांच्या त्या दोन चिठ्ठ्या घेतल्या, 'जुना' डावीकडे, 'नवा' उजवीकडे, आणि पारदर्शक टेपने गच्च चिकटवून टाकल्या. "आता यांना हात लावायची गरज नाही."

त्या दिवशी मी फोरमवर जाऊन उत्तर लिहून आले. सात जणांनी आभार मानले. मी आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

दहाव्या दिवशी मॅडमचा फोन आला. एका मुलाचा मोल्ड सैल झालाय, मशीन शिट्टी मारतंय. होतं असं कधी कधी. बाबांनी दुसरा करून दिला. पाच दिवसांनी आणखी एक फोन. मग तिसरा. हा तिसरा मोल्ड एका सहा वर्षांच्या मुलीचा होता. वर्गात मशीनने शिट्टी मारली, पोरं हसली, तिने ते काढून दप्तरात टाकलं आणि आता ती ते कानाला लावू देत नाही. मॅडम रागावल्या नव्हत्या. त्या दमल्या होत्या, आणि ते मला जास्त लागलं.

मी फाईल उघडून पाहिली.  मोल्ड सुबक होता, कातरकाम नेहमीसारखं नजर लागेल असं. फक्त तो पोरीच्या जुन्या कानावर केला होता. मग आधीच्या दोन फाईली उघडल्या. त्याही तशाच. बाबांनी तीनदा जुन्या कानावर नवा मोल्ड केला होता.

कंप्युटरची शंका मला आली नाही असं नाही. आली ना. मी मॉनिटर झोपवले, उठवले, माऊस फिरवला. सरळ. दहा वेळा केलं, सरळ. माझं काम चोख होतं. मग उरलं कोण?

मी बाबांच्या टेबलापाशी गेले आणि बोलू नये ते बोलले. "बाबा, एवढी मोठी चिठ्ठी लावलीय डोळ्यांसमोर. जुनं-नवं कळेनासं झालंय का तुम्हाला?"

बाबांनी चष्मा काढला, चिठ्ठ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बघतो," एवढंच म्हणाले. उंदरावर काही नाही, भिंतीवर काही नाही.

रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्याने थोरल्या काकांची आठवण काढली. थोरले काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. शेवटची दोन वर्षं ते बाबांना 'तुम्ही कोण?' असं विचारत. "काकांची सुरुवातही अशीच झाली होती," नवरा मला स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाला. "आधी किल्ल्या, मग नावं." त्याचा आवाज हळू असला तरी आमचं घर केवढं? भिंतीलाही कान असतात, आणि बाबांचे कान तर चांगलेच तिखट आहेत.

त्यानंतर बाबा एकेका मोल्डला दुप्पट वेळ लावू लागले. कातरताना गुणगुणायची त्यांची सवय, तीही बंद. मी त्यांच्या मागून, त्यांना न सांगता, त्यांच्या फाईली तपासू लागले. पाच बरोबर निघाल्या, मला हायसं वाटलं, मग एक दिवस घाईत तपासायची राहिली आणि नेमकी तीच परत आली. चौथी. मॅडम फोनवर म्हणाल्या, "तुमच्या सासऱ्यांना थोडी विश्रांती देऊन बघा ना."

मला ते बाबांना सांगावं लागलंच नाही. ते संध्याकाळी आपणहून म्हणाले, "मी आता बसतो घरी. पोरांच्या कानांशी खेळ नको." नवऱ्याने डॉक्टरांची वेळ घेतली. स्मरणशक्ती तपासणारे डॉक्टर, गुरुवारी पाच वाजता. त्याला सुट्टी मिळणार नव्हती, म्हणून घेऊन मी जायचं ठरलं. डॉक्टर काय म्हणतात त्यावर बाबांचं टेबल राहायचं की जायचं हे ठरणार होतं. तसं कुणी बोललं नाही, पण प्रत्येकाला ते माहीत होतं. बाबांनी कानशी पुसून, तेलाचं बोट लावून, डब्यात भरून ठेवल्या. निवृत्त होणारा माणूस ठेवतो तशा.

मला राग येत होता. कुणाचा ते कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांचा येत होता. मॅडमचा, नवऱ्याचा, बाबांच्या त्या गप्प बसण्याचा. इतकी किचकट गोष्ट मी दुरुस्त केली आणि तिचं सुख चार दिवस मिळू नये?

गुरुवारी सकाळी मीच बाबांच्या खुर्चीत बसले. ती सहा वर्षांची मुलगी आता कुठे मशीन लावायला तयार झाली होती, तिचा मोल्ड पुन्हा करायचा होता, तो तरी लवकर जावा. फाईल उघडली. डावीकडे जुना कान, उजवीकडे नवा. कुठून कातरायचं ते ठरवायला मी नव्या कानाच्या टोकाशी एक लाल टिंब दिलं. तेवढ्यात प्रिंटर ओरडला, मी मागे गेले, तिथे अर्धा तास मोडला, मग जेवले. परत येऊन माऊस हलवला. मॉनिटर जागे झाले. बाण सरळ. मी कातरायचं हत्यार उचललं आणि उजवीकडे, 'नवा' लिहिलेल्या चिठ्ठीखाली, लाल टिंब शोधायला लागले.

टिंब नव्हतं.

ते डावीकडे होतं. 'जुना' या चिठ्ठीखाली.

मी माऊस फिरवला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. अगदी सरळ. बाण सरळ आणि कान उलटे.  मग मॉनिटर झोपवले आणि उठवले, पण या वेळी कानांचा प्रोग्रॅम उघडा ठेवून. आधीच्या पंचवीस वेळा मी तो उघडलाच नव्हता. कशाला उघडायचा? मी माऊस तपासत होते. सहाव्या खेपेला टिंबाने पुन्हा उडी मारली.

सगळं इतकं सोपं होतं. डबा अजूनही आधी उठणाऱ्याला 'एक' म्हणत होता. कानांचा प्रोग्रॅम जुना कान 'एक'वर ठेवायचा, नवा 'दोन'वर, मग तो 'एक' डावीकडे असो की उजवीकडे. घर अजून फिरतच होतं. मी फक्त उंदराला सरळ चालायला शिकवलं होतं. आणि घर फिरलंय हे बाबांना कळायचं ते त्या उंदरावरूनच. तो भिंतीत गेला की ते उठून चिठ्ठ्या बदलायचे, म्हणून त्या दीड महिन्यात एकही मोल्ड परत आला नव्हता. एकही नाही! मी तो उंदीर बंद केला, चिठ्ठ्या टेपने चिकटवल्या आणि त्यांना म्हटलं, आता कधीही उलटं होणार नाही.

लॉग उघडला. चारही मोल्डच्या तारखा काढल्या. चारही दिवशी, बाबा कामाला बसायच्या आधी, उजवा मॉनिटर आधी जागा झाला होता. चोर सोडून आम्ही संन्याशाला सुळावर चढवत होतो, आणि चोर मीच.

स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढवल्या, माऊसबरोबर खिडक्याही जागेवर आणायच्या. दहा मिनिटांचं काम. त्या दहा मिनिटांत मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी टेबलावर मूठ आपटली. चिठ्ठ्या तशाच राहिल्या, टेप चांगली होती.

साडेतीन वाजले होते. बाबा आतल्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून पलंगाच्या कडेला बसले होते. दीड तास आधीच तयार. मी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. डबा, 'एक', 'दोन', लाल टिंब. मध्ये त्यांनी एकदाही थांबवलं नाही.

"म्हणजे उंदीर भिंतीत जायचा तेव्हा काम बरोबर होत होतं," ते म्हणाले.

"हो. तुम्ही चिठ्ठ्या बदलत होतात म्हणून."

"आणि तू दुरुस्त केलंस तेव्हापासून बिघडलं."

"हो, बाबा."

त्यांनी मनगटाचं बटण लावलं, पुन्हा काढलं. "त्या पोरीचा कान मला बारीक वाटला होता. म्हटलं, वर्षभर बघतोय हिचा कान, एवढा लहान कसा राहील? उठून जवळ जाऊन चिठ्ठी वाचली. चष्मा पुसून परत वाचली. 'नवा'."

"मग मला हाक का नाही मारलीत?" मी म्हटलं. तेव्हाही माझा आवाज चढलाच.

"तू म्हणाली होतीस ना, कधीही उलटं होणार नाही. मला वाटलं, मग माझ्याच डोळ्यांत काहीतरी झालंय."

"चारही वेळा वाटलं?"

"चारही वेळा."

मला रडू आलं. मी त्या कंप्युटरला हजार प्रश्न विचारले होते. कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांना सहाशे ओळी वाचायला लावल्या होत्या. आणि ज्यांनी अडतीस वर्षं कान पाहिले ते माझ्यापासून सहा पावलांवर बसत होते. त्यांना मी एकदाही विचारलं नाही, की बाबा, तुम्हाला काय दिसलं? विचारलं ते एवढंच, की कळेनासं झालंय का.

"माझं चुकलं, बाबा. मी तुम्हाला फार टाकून बोलले."

"अगं, होतं. यंत्राचं काम आहे."

"यंत्राचं नाही, माझं काम आहे ते. मी डॉक्टरांकडे फोन करून सांगते, येत नाही म्हणून."

"नको," बाबा म्हणाले. "जाऊ."

"अहो, पण तुम्हाला काहीही झालेलं नाही! बाहेर या, मी दाखवते तुम्हाला. टिंब देते, नव्या दोन ओळी काढते, मग ते कसं उडी मारतं ते बघा."

"तू दाखवशील गं. मला पटेलही." त्यांनी शर्टाची बाही सरळ केली. "इतके दिवस तुम्ही सगळे म्हणत होतात, यांना झालंय. ते पण मला पटलं होतं. पडल्या पडल्या मी शाळेतल्या मास्तरांची नावं म्हणून बघायचो. एखादं अडलं की घाम फुटायचा. आता तू म्हणतेस, नाही झालं. राग नाही माझा तुझ्यावर. पण मला ते दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकू दे."

 मी तोंड धुतलं, साडी बदलली आणि नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "म्हणजे प्रॉब्लेम कंप्युटरचा होता? सुटलो!" मी फोन ठेवून दिला. सुटला तो.

दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टर तरुण होत्या, माझ्यापेक्षाही लहान, पण बोलणं गोड. त्यांनी बाबांना समोरच्या खुर्चीत बसवलं, मला बाजूच्या. हातात कागद घेतला आणि आधी मलाच विचारलं, "घरी नेमकं काय लक्षात आलं? विसरणं कधीपासून सुरू झालं?"

मी सांगायला लागले. ते विसरत नाहीत, डॉक्टर, मॉनिटर दोन आहेत आणि दोघांचा नंबर एकच आहे, त्यामुळे जुना कान नव्या कानाच्या जागी जातो, आणि आधी माऊस भिंतीत जात होता तेव्हा ठीक होतं, पण मी माऊस सरळ केला. माझं मलाच ऐकू येत होतं ते कसं वाटतंय. डॉक्टर पेन धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मग बाबांकडे वळल्या.

"तिचं बरोबर आहे," बाबा म्हणाले. "फक्त तिला नीट सांगता येत नाहीये."

डॉक्टर हसल्या. मीही हसले. बाबांनी हात मांडीवर ठेवले, अगदी स्थिर. त्या हातांकडे बघून मला पहिल्यांदाच हलकं वाटलं. वाटलं, आता सुटलं सगळं, आता दहा सोपे प्रश्न आणि आम्ही घरी, उद्या सकाळी ते टेबलाशी बसतील.

"बरं, आजोबा," डॉक्टर म्हणाल्या. "अगदी सोपं आहे, घाबरू नका. आज वार कोणता?"

गुरुवार. सकाळपासून घरात तेवढाच एक शब्द होता. बाबा उत्तर द्यायला पुढे वाकले. आणि मग तोंड उघडायच्या आधी त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे नको, तुम्ही सांगा," डॉक्टर म्हणाल्या.

"गुरुवार," बाबा म्हणाले. डॉक्टरांनी कागदावर खूण केली. ती होईपर्यंत ते थांबले, मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "बरोबर ना गं?"